टायरचा जन्मदाखला

बालदोस्तांनो, मागच्या आठवड्यात आपण सायकलचं पंक्चर काढायला शिकलो. त्यावर बरीच पत्रं आली. काहींनी ट्यूबऐवजी स्वतःची बोटंच चिकटवून घेतली म्हणे! त्यातल्या एका पत्रात मात्र फार चांगला प्रश्न आहे. हा मित्र लिहितो, "आजोबा, आमच्या घरी काकांची जुनी सायकल आहे. कुणी फारशी चालवत नाही. टायरची नक्षी अगदी नवी आहे, पण बाजूने बारीक बारीक भेगा पडल्यात. तो टायर नवा समजायचा की जुना?"

याचं उत्तर देण्यासाठी मी तुम्हांला आमच्या गावच्या दिंडीच्या गाडीची गोष्ट सांगतो. गोष्ट २०२५ च्या मे महिन्यातली आहे.

आमचं गाव वाशिम जिल्ह्यात, रिसोड तालुक्यात. शेगावहून निघणारी श्री गजानन महाराजांची पालखी पातूर ओलांडून मेडशी, मालेगाव, शिरपूर, रिसोड अशी आमच्याच भागातून पंढरपूरला जाते, हे तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत असेल. आमच्या गावाची दिंडी लहान. सत्तर-ऐंशी माणसं. ती चालत जातात आणि त्यांचा संसार एका ४०७ गाडीतून जातो. पीठ, डाळ, गॅसच्या टाक्या, हंडे-पातेली, राहुट्या, वळकट्या, पाण्याची टाकी, औषधांची पेटी. रात्री राहुट्यांना जागा मिळाली नाही की चार-सहा जण गाडीतच झोपतात. परदेशात 'मोटारहोम' नावाच्या गाड्या असतात. आतच ओटा, आतच बिछाने, घर घेऊन हिंडायचं. आमची ४०७ म्हणजे वारकऱ्यांचं मोटारहोमच म्हणा ना. फक्त तिच्यात सोफ्याऐवजी ज्वारीची पोती असतात.

या दोन्ही गाड्यांत एक गोष्ट मात्र अगदी सारखी. त्या वर्षातला थोडाच काळ धावतात आणि उरलेला सगळा काळ नुसत्या उभ्या राहतात. आमची गाडी आषाढात जाऊन-येऊन हजारभर किलोमीटर चालली की देवळामागच्या कडुनिंबाखाली अकरा महिने विश्रांती घेते.

तर मे महिन्यात देवळात दिंडीची बैठक बसली. हिशेब झाला, किराणा झाला, मग कुणीतरी म्हणालं, "गाडीचे टायर पाहून घ्या बुवा एकदा." लगेच ड्रायव्हरकाका उठले. गेली पंधरा वर्षं ही गाडी तेच चालवतात, पैसा न घेता. म्हणाले, "टायरले काय झालं? नक्षी पाहा ना, कोरी करकरीत हाये! दहा वर्सांत चार पंक्चर झाले नसतील."

सगळे टॉर्च घेऊन गाडीपाशी गेलो. खरंच, टायर काळेभोर चमकत होते. नक्षीच्या खोबणीत माझ्या करंगळीचं पेर बुडत होतं. नक्षी किती झिजली ते सांगणारी खूण प्रत्येक टायरवर असते, बरं का. खोबणीच्या तळाशी अधूनमधून एक बारीकसा उंचवटा असतो. मोटारीच्या टायरवर तो १.६ मिलिमीटर उंच असतो. वरची नक्षी झिजत झिजत त्या उंचवट्याला येऊन मिळाली की टायरचं काम संपलं. आमच्या टायरची नक्षी त्या खुणेपासून कितीतरी वर होती. बैठकीने समाधानाने मान डोलावली.

माझी नात तेव्हा सुटीला आली होती. आठवीची परीक्षा देऊन. ती म्हणाली, "आजोबा, ह्यांचा जन्म कधीचा?"

"कोणाचा?"

"टायरचा!"

मी शाळेत सव्वीस वर्षं विज्ञान शिकवलं, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता. तिला तो कुठून कळला, तर अकोल्याच्या एका दुकानात, वडिलांच्या स्कूटरचा टायर बदलताना. टायरच्या बाजूवर पुष्कळ अक्षरं-आकडे कोरलेले असतात. त्यात एका छोट्या लांबट चौकटीत चार आकडे असतात. त्यातले पहिले दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा आणि पुढचे दोन म्हणजे वर्ष. २३१६ असेल तर २०१६ सालातल्या तेविसाव्या आठवड्यात तो टायर कारखान्यातून बाहेर पडला. २००० सालापासून ही चार आकड्यांची पद्धत आहे. तीन आकडे दिसले, तर तो टायर गेल्या शतकातला समजा आणि हात जोडा.

पण आमच्या टायरवर चौकट दिसेना. कशी दिसणार? पुष्कळदा हा जन्मदाखला टायरच्या एकाच बाजूला असतो आणि आमच्या गाडीला ती बाजू नेमकी आत आली होती. मग काय, नात पाठीवर झोपून गाडीखाली शिरली. आतून ओरडली, "एक-आठ-एक-पाच! इथेही एक-आठ-एक-पाच!" म्हणजे २०१५ चा अठरावा आठवडा. सहाच्या सहा टायर दहा वर्षांचे. आणि स्टेपनी? खाली लटकवलेली, कधी न वापरलेली, सगळ्यांत नवी दिसणारी स्टेपनी? तिच्यावर होतं ३५०९. सोळाव्या वर्षाकडे निघालेली! आमच्या नातीपेक्षा ती मोठी होती.

(जाता जाता: 'स्टेपनी' हा शब्द कुठला, माहीत आहे? वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास मोटारीसाठी जादा चाक विकायला काढलं. तोपर्यंत मोटारींना जादा चाकच नसे. त्या रस्त्याचं नाव वाशिमच्या गॅरेजात येऊन बसलं.)

"दहा वर्सं झाले तं काय झालं?" ड्रायव्हरकाका म्हणाले. "माणूस का दहा वर्सांत म्हातारा होते?" त्यांना वाईट वाटलं होतं. साहजिकच आहे. दर एकादशीला ते फडक्याने टायर पुसत, डिझेलचा हात फिरवून चमकवत. त्यांच्या मायेवरच कुणी बोट ठेवल्यासारखं झालं.

तुम्हीच सांगा, टायर म्हातारा होतो म्हणजे काय होतं? घरात रबरबँड शोधा. नवा घ्या आणि कपाटाच्या कोपऱ्यात दोन वर्षं पडलेला घ्या. दोन्ही ताणा. जुना तटकन तुटतो. तो काही झिजलेला नसतो, कुठे धावायला गेलेला नसतो. नुसता पडून राहून मेलेला असतो! रबराचे रेणू म्हणजे लांबच लांब दोरे. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर या अमेरिकन माणसाला सापडलं की रबरात गंधक घालून तापवलं तर हे दोरे एकमेकांना ठिकठिकाणी बांधले जातात. म्हणून रबर उन्हाळ्यात चिकट होत नाही, थंडीत ठिसूळ होत नाही, ताणून सोडलं की जाग्यावर येतं. पण हवेतला ऑक्सिजन आणि त्याचा भाऊ ओझोन हे दोरे हळूहळू कातरत राहतात. ऊन आणि उष्णता त्यांना मदत करतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, तिथे तर त्यांची चंगळच.

टायर बनवणाऱ्यांना हे ठाऊक असतं. म्हणून ते रबरात एक प्रकारचं मेण आणि काही औषधं घालतात. टायर फिरताना दबतो, सुटतो, दबतो, सुटतो. त्यामुळे हे मेण आतून पृष्ठभागावर येत राहतं आणि पातळ थर धरून ओझोनला अडवतं. आता गंमत पाहा. गाडी उभी राहिली की ही मालिश थांबते, मेण वर येणं थांबतं. म्हणजे रोज राबणाऱ्या टायरपेक्षा अकरा महिने झोपलेला टायर भेगाळतो लवकर! त्यात एकाच जागी सगळं वजन, हवा कमी झालेली, आणि वरून डिझेलचा हात. रबर आणि तेल यांचं कधीच पटत नाही. तेलाने रबर फुगतं, सैल पडतं आणि ते राखणारं मेणही पुसलं जातं.

हे सगळं मी कडुनिंबाखाली उभं राहून सांगितलं. मास्तरकी सुटत नाही हो! पण ड्रायव्हरकाकांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मग मी त्यांना इंग्लंडची एक गोष्ट सांगितली. २०१२ च्या सप्टेंबरात तिथे गाण्याच्या जलशाहून तरुण मुलांना घेऊन एक बस परत येत होती. पुढचा टायर फुटला, बस झाडावर आदळली, तीन जण गेले. चौकशीत कळलं, त्या टायरची नक्षी शाबूत होती. वय मात्र होतं १९ वर्षं. गेलेल्यांपैकी एका मुलाच्या आईने पुढे कित्येक वर्षं सरकारचा पिच्छा पुरवला. अखेर १ फेब्रुवारी २०२१ पासून तिथे बस आणि ट्रकच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांपेक्षा जुना टायर लावायला कायद्याने बंदी झाली.

ड्रायव्हरकाका थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, "आपल्या गाडीपुढं तं माणसं चालतात."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच एक चाक काढलं. टायर रिमवरून उतरवला आणि दोन्ही हातांनी त्याची कड वाकवली. वरून दिसत नव्हत्या त्या भेगा भाकरीसारख्या उघडल्या. एका ठिकाणी आतला धागा दिसत होता. त्यांनी तो टायर खाली ठेवला, हात पुसले आणि म्हणाले, "काढा सगळे. एक बी ठेवू नका."

आता आली खरी अडचण. सात टायर घ्यायचे आणि दिंडीच्या पेटीत वर्गणीचे पैसे बेताचे! बैठक पुन्हा बसली आणि प्रत्येकाला टायरशास्त्र सुचू लागलं.

एक म्हणाला, "हायवेवर जुने टायर मिळतात, निम्म्याहून कमी किमतीत. तेच घेऊ." जुन्यासाठी जुनं! ते कुणाच्या गाडीला होते, किती ओझ्याखाली भाजले, कुणाला माहीत? हा बेत लगेच पडला.

दुसरा म्हणाला, "रिमोल्ड करू. नवं रबर चढवू." ही कल्पना वाईट नाही. एस.टी.ने तर वर्षानुवर्षं स्वतःच्या कारखान्यांत टायर रिमोल्ड करून वापरले आहेत. पण वरचा थर नवा चढवला तरी आतला सांगाडा तोच राहतो. सांगाडा तरुण आणि धडधाकट हवा. आमचाच सांगाडा तर म्हातारा.

तिसऱ्याची युक्ती ऐकून मला हसू आलं. मागे दोन्हीकडे जोडचाकं असतात ना? म्हणाला, "बाहेरचे नवे घेऊ, आतले जुनेच राहू द्या. आतले कोणाले दिसतात?" अहो, ओझ्याला तर दिसतात! जोडीतली दोन्ही चाकं एकाच धुऱ्यावर, एकत्रच फिरतात. एक टायर उंच आणि एक झिजून बसका असला, तर उंचावरच सगळा भार येतो आणि बसका नुसता फरफटतो. म्हणून जोडीतले टायर सारख्याच मापाचे, सारख्याच जातीचे, शक्यतो सारख्याच वयाचे लागतात.

शेवटी वाद उरला दोन जातींचा. तरुण मंडळी म्हणाली रेडियल घ्या. तेवढ्या पैशांत रेडियल येत होते चार. गॅरेजात ज्याला 'नायलॉन' म्हणतात तो टायर स्वस्त, ते येत होते सहा. टायरवर माप वाचताना फरक कळतो. ७.५०-१६ असं लिहिलेलं असेल तर साडेसात इंच रुंदीचा, सोळा इंची रिमचा नायलॉन. मधल्या रेघेऐवजी 'आर' असेल तर रेडियल. नायलॉनमध्ये आतल्या धाग्यांचे थर तिरपे, एकमेकांना छेदून घातलेले असतात, बाजेच्या विणीसारखे. रेडियलमध्ये ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि त्यांवर तारांचा पट्टा असतो. रेडियल कमी तापतो, जास्त किलोमीटर चालतो. वेगाने धावणाऱ्या गाडीला तोच बरा. समृद्धी महामार्ग आपल्या कारंजा-मालेगावजवळून जातो. २०२२ च्या डिसेंबरात त्याचा नागपूर ते शिर्डी भाग सुरू झाला आणि टायर फुटून झालेल्या अपघातांची चर्चा घरोघर होऊ लागली. २०२३ मध्ये तर आर.टी.ओ.चे लोक नाक्यावर टायर तपासून गुळगुळीत टायरवाल्यांना परत पाठवू लागले. सिमेंटचा तापलेला रस्ता आणि तासन्‌तास शंभराच्या पुढचा वेग, तिथे नायलॉन घेऊन जाऊ नये.

पण आमची गाडी कुठे धावते? माणसाच्या पावलाने जाते, नांगरलेल्या रानात मुक्कामाला शिरते. आणि तिचे टायर झिजून कधी जाणारच नाहीत, वय होऊन जाणार. मग जास्त किलोमीटरचा गुण विकत घेऊन काय करायचं? माझं मत नायलॉनला पडलं. एक अट मात्र घातली: येताना वेग पन्नासच्या आत आणि भर दुपारी विश्रांती. ड्रायव्हरकाकांनी माळेला हात लावून कबूल केलं.

विकत घेण्याआधी एक काम राहिलं होतं, आणि मोठी माणसंही ते करत नाहीत. आम्ही गेल्या वर्षीएवढंच सगळं सामान गाडीत भरलं आणि रिसोडला वजनकाट्यावर नेली. सोयाबीनच्या गाड्या जिथे तोलतात, तोच काटा. आधी पूर्ण गाडी तोलली, मग पुढची चाकं काट्याखाली उतरवून फक्त मागची. एकूण भरलं ४,८६० किलो. त्यातले ३,१९० किलो एकट्या मागच्या चाकांवर!

आता टायरवरचे आणखी आकडे. आम्हांला दाखवलेल्या टायरवर १२२/११८ असं होतं. हे किलो नव्हेत, ती खूण आहे. तक्त्यात पाहिलं तर १२२ म्हणजे एकटा टायर १,५०० किलो पेलतो आणि ११८ म्हणजे जोडीत असताना प्रत्येकी १,३२०. मागे चार, म्हणजे ५,२८० किलो. आमचं ओझं ३,१९०. भरपूर झालं की! पण नातीने वहीत वेगळंच गणित मांडलं. "जोडीतला एक फुटला तर? ३,१९० चे निम्मे १,५९५. ते सगळे उरलेल्या एकावर. तो तर १,५०० वालाच आहे!" बरोबर. म्हणूनच जोडीतला एक बसला की 'दुसरा आहे ना' म्हणत गाडी पुढे दामटायची नसते. जागेवर थांबून चाक बदलायचं. आणि त्यासाठी स्टेपनी धडकी हवी.

सातव्या टायरचे पैसे कुठून आणायचे? यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग भजनाला झांजा धरणाऱ्या एक आजी म्हणाल्या, "औंदा तो भोंग्यावाला नका सांगू. महिनाभर कानाले त्रास, अन् पैसे वरून. आपला गळा हाये ना!" स्पीकर रद्द झाला. स्टेपनी आली.

खरेदीलाही एक प्रसंग घडला. दुकानदाराने सात टायर मांडले. कागद चिकटलेले, रबराचे केस अजून न तुटलेले. नात प्रत्येकाभोवती उकिडवी बसून फिरली. पाच टायरवर २०२५ साल होतं. दोघांवर ३१२१. म्हणजे २०२१ चा ऑगस्ट. चार वर्षं गोदामात पडलेले! दुकानदार म्हणाला, "नवेच आहेत की बेटा, रस्त्याला लागलेले नाहीत." ती म्हणाली, "पण यांची चार वर्षं आम्ही नाही वापरली." दुकानदार हसला, गुमान आत गेला आणि दोन दुसरे घेऊन आला. ट्यूब आणि फ्लॅपही नवेच घेतले. जुनी ट्यूब ताणून मोठी झालेली असते, नव्या टायरात तिला घडी पडते आणि तिथेच ती फाटते.

जुन्या सातांचं काय केलं? ड्रायव्हरकाका म्हणत होते बैलगाडीवाल्यांना द्या. पण तिथून ते पुन्हा एखाद्या मोटारीला लागले तर? त्यांनी स्वतः करवतीने प्रत्येकाची कड कापली. दोन शाळेत झोक्याला गेले, बाकीच्यांत विहिरीच्या कामाची टोपली आणि गुरांची गव्हाण झाली.

दिंडी गेली, आली. हवा रोज पहाटे, टायर थंड असताना, मीटर लावून पाहायची असं ठरलं होतं. कारण टायर ओझं पेलतो तो रबराच्या नव्हे, आत कोंडलेल्या हवेच्या जोरावर. हवा कमी झाली की टायर जास्त दबतो, जास्त वाकतो आणि तापतो. फुटण्याचं मोठं कारण हेच. पूर्वी काका लोखंडी दांडा मारून आवाजावरून हवा ओळखत. आता दांडा मारतात आणि मीटरही लावतात. दोन्हींत फरक पडला की मीटरला शिव्या देतात.

सध्या गाडी कडुनिंबाखाली उभी आहे. आसांखाली लाकडी ठोकळे लावून चाकं जमिनीपासून बोटभर उचललेली आहेत, टायरवर जुनी पोती बांधलेली आहेत. डिझेलचं फडकं बंद. देवळाच्या भिंतीवर, आरतीच्या वेळापत्रकाखाली, नातीच्या अक्षरात एक कागद चिकटवला आहे: 'टायर जन्म २०२५. पाच वर्षांनंतर दरवर्षी उतरवून तपासणे. २०३५ ला नक्षी कशीही असो, बदलणे.'

तर सायकलवाल्या मित्रा, तुझा टायर जुनाच आहे. बदलून घे. आणि बाकीच्यांनी या आठवड्यात घरातली मोटारसायकल, ट्रॅक्टर, शाळेचा ऑटो, जे सापडेल त्याच्या टायरचा जन्मदाखला शोधा आणि मला कळवा. गाडीखाली शिरण्याआधी चावी काढून घ्या, गाडीला ओटी लावा आणि एका मोठ्या माणसाला शेजारी उभं करा. आकडा दहा वर्षांमागचा निघाला, तर मात्र पत्राची वाट पाहू नका. आधी बाबांना सांगा.